सर्दी झालेल्या मुलाच्या ताटात काय असावे?

शिक्षकांच्या किंवा पालकांच्या बैठकीत आहाराचा विषय निघाला की आम्ही फळ्याचे उभे दोन भाग करतो. डावीकडे लिहितो, ‘सर्दी झालेल्या मुलाला काय देऊ नये?’ आणि उजवीकडे, ‘काय द्यावे?’ डावी बाजू पाच मिनिटांत भरते. केळे, दही, ताक, पेरू, सीताफळ, काकडी, दूध, भात, तूप, गोड, आंबट, तेलकट. कोणी उडदाची डाळ सांगते, तर कोणी अंडे गरम पडते म्हणून नको म्हणते. उजव्या बाजूला मात्र खडू बराच वेळ थांबून राहतो. मग डाळीचे पाणी येते, गवती चहा येतो, चहाबरोबर बिस्कीट किंवा टोस्ट येतो. शेवटी कोणीतरी हळद घातलेले दूध सुचवते आणि दूध तर डावीकडे लिहिले आहे, अशी हरकत लगेच निघते.

इथे सगळे हसतात. पण दीड वर्षाच्या मुलाला फळ्याच्या उजव्या बाजूवर आठ दिवस काढावे लागले तर काय होईल, हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी आढळली आणि ३६.१ टक्के मुलांचे वजन. म्हणजे दर तिघांत एक मूल आधीच मागे आहे. त्याच्या तोंडचा घास सर्दीच्या नावाने काढून घेताना आपण नक्की काय करतो, हे हिशेब मांडून पाहायला हवे.

त्याआधी सर्दीविषयी थोडे. सर्दी विषाणूंमुळे होते. ती घडवणारे विषाणू दोनशेहून अधिक प्रकारचे आहेत. त्यांतला सर्वांत मोठा गट ऱ्हायनोव्हायरसांचा. याच एका गटाचे दीडशेहून अधिक प्रकार माहीत झाले आहेत. एका प्रकाराशी लढून मिळालेली प्रतिकारशक्ती दुसऱ्याविरुद्ध फारशी उपयोगी पडत नाही. म्हणूनच लहान मुलाला वर्षातून सहा ते आठ वेळा सर्दी होणे ही नित्याची गोष्ट आहे; अंगणवाडीत किंवा बालवाडीत नुकतेच जाऊ लागलेल्या मुलाला तर याहूनही जास्त वेळा होते. विषाणू नाकात शिरतो तो दुसऱ्याच्या शिंकेतून, खोकल्यातून किंवा शेंबूड पुसलेल्या हातातून. केळ्यातून किंवा दह्यातून तो जन्माला येत नाही.

मग ‘पेरू खाल्ला की सर्दी होतेच’ हा घरोघरचा अनुभव खोटा म्हणायचा का? अनुभव खोटा नाही, त्यातून काढलेला निष्कर्ष घाईचा आहे. पेरूचा मोठा हंगाम हिवाळ्यात येतो आणि सर्दीचाही त्याच सुमारास. शिवाय नाक वाहू लागते त्याच्या एक ते तीन दिवस आधीच विषाणू शरीरात शिरलेला असतो. आपण मात्र ‘काल काय खाल्लेस?’ एवढेच विचारतो. पेरू खाऊनही सर्दी झाली नाही असे दिवस कोणीच मोजत नाही. आठवी-नववीच्या वर्गाला दोन महिने अशी नोंद ठेवायला सांगून पाहावी. कोणत्या दिवशी पेरू खाल्ला, कोणत्या दिवशी सर्दी सुरू झाली, असे दोनच रकाने पुरतात. दोन गोष्टी एकाच वेळी घडणे आणि एकीमुळे दुसरी घडणे यांतला फरक शिकवायला याहून स्वस्त साधन आम्हांला ठाऊक नाही. पेरूच्या गरातले बारीक खरखरीत कण म्हणजे जाड भित्तीच्या पेशींचे पुंजके असतात. घसा आधीच सुजलेला असेल तर ते टोचतात आणि ढास लागते, एवढे मात्र खरे. पण ढास लागणे वेगळे आणि सर्दी होणे वेगळे.

भूक जाते कुठे?

सर्दी झालेले मूल खात नाही, याला तीन कारणे आहेत. पहिले कारण नाकात आहे. आपण ज्याला चव म्हणतो तिचा मोठा भाग खरे तर वास असतो. घास चावताना त्यातली सुगंधी द्रव्ये घशाच्या मागून नाकात चढतात आणि तिथल्या पेशी ती ओळखतात. जिभेला फक्त गोड, खारट, आंबट, कडू अशा मोजक्याच चवी कळतात. याचा प्रयोग वर्गात सहज होतो. एका वाटीत नुसती पिठीसाखर आणि दुसरीत चिमूटभर वेलदोड्याची पूड मिसळलेली पिठीसाखर घ्यावी. विद्यार्थ्याने डोळे मिटून, नाक चिमटीत धरून दोन्ही चाखून पाहाव्यात. दोन्ही जवळजवळ सारख्याच लागतात. नाक सोडले की एकदम वेलदोडा कळतो. नाक चोंदलेल्या मुलाला वरणभात कसा लागत असेल, हे यानंतर सांगत बसावे लागत नाही.

दुसरे कारण घशात. गिळताना दुखते आणि तोंडानेच श्वास घ्यावा लागत असल्यामुळे चावणे व श्वास घेणे यांत ओढाताण होते.

तिसरे कारण जरा खोल आहे. विषाणूशी लढताना शरीराच्या संरक्षक पेशी इंटरल्यूकिन-१ सारखी काही संदेशवाहक प्रथिने रक्तात सोडतात. त्यांचा परिणाम मेंदूतल्या भुकेच्या केंद्रांवर होतो. ताप येतो, झोप येते आणि अन्नावरची वासना उडते, ती बरीचशी या संदेशांमुळे. तेव्हा मूल ‘नको’ म्हणते ते हट्टाने नव्हे. धडधाकट मुलाने एक-दोन दिवस कमी खाल्ले तर काही बिघडतही नाही. बरे झाल्यावर ते आपणहून जास्त खाते आणि झीज भरून काढते. घोर लागायला हवा तो धडधाकट नसलेल्या मुलाचा. आणि मुलाने मागितले तरी जिथे मोठी माणसेच देत नाहीत, तिथलाही.

आठ दिवसांचा हिशेब

एक ते दोन वर्षे वयाच्या मुलाला दिवसाला सुमारे ९०० उष्मांक (म्हणजे किलोकॅलरी) लागतात. आजारात ते किती कमी खाते? मध्य अमेरिकेतील ग्वाटेमालाच्या खेड्यांत घरोघरी मुलांच्या खाण्याच्या नोंदी घेतल्या गेल्या. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार साध्यासुध्या आजारांतही मुलांचे खाणे सुमारे एक-पंचमांशाने घटत होते. तोच आकडा आपण घेऊ. ९०० चा एक-पंचमांश म्हणजे दिवसाला १८० उष्मांकांची तूट. सर्दी सात दिवसांची धरली तर १,२६० आणि वर्षात सहा सर्द्या झाल्या तर ७,५६०.

आता दुसरी बाजू. वयाच्या दुसऱ्या वर्षात मुलाचे वजन साधारण अडीच किलो वाढायला हवे. शरीराचा एक ग्रॅम नवा भाग तयार व्हायला साधारण पाच उष्मांक खर्ची पडतात. म्हणजे ७,५६० उष्मांकांत सुमारे दीड किलो वजन तयार झाले असते! वर्षभराच्या वाढीतला निम्म्याहून अधिक हिस्सा केवळ सर्दीच्या दिवसांत, तोही फक्त एक-पंचमांश कमी खाऊन, अडकून पडू शकतो. हा हिशेब ढोबळ आहे, हे कबूल करायला हवे. झोपून असलेले मूल खेळण्यात कमी शक्ती खर्च करते. उलट ताप एक अंश सेल्सियसने चढला की शरीराचा विश्रांतीतला खर्च साधारण दहा टक्क्यांनी वाढतो. मुख्य म्हणजे मधल्या बऱ्या दिवसांत मूल ही तूट भरून काढत असते. पण त्यासाठी घरात पुरेसे अन्न हवे, भरवायला कोणाला तरी वेळ हवा आणि पुढची सर्दी येण्याआधी पुरेसे दिवस मिळायला हवेत. आईबाप पहाटेच कामावर जातात त्या घरात या तिन्ही गोष्टींची वानवा असते. अंगणवाडीतील वाढीच्या तक्त्यावर काही मुलांची रेघ पावसाळ्यात आडवी होते आणि मग वर चढतच नाही, तिचे एक कारण हे आहे.

पथ्याच्या यादीकडे परत येऊ. तिच्यात सर्वांत महागात पडणारा शब्द ‘दूध’ हा आहे, कारण अनेक घरांत मुलाला मिळणारे एकमेव पौष्टिक अन्न तेच असते. दुधाने कफ होतो, ही समजूत केवळ आपल्याकडची नाही. युरोपात आणि ऑस्ट्रेलियातही ती पक्की आहे. ऑस्ट्रेलियातील अॅडलेड येथे काही संशोधकांनी ती तपासायचे ठरवले. साठ निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात त्यांनी ऱ्हायनोव्हायरस सोडला, रोज कोण किती दूध पितो याची नोंद ठेवली आणि प्रत्येकाच्या नाकातून आलेला शेंबूड रुमालासकट चक्क तराजूत तोलला. काही जण दुधाला शिवतही नव्हते, तर काही जण दिवसाला दहा-अकरा पेले पीत होते. १९९० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला : दुधाचे प्रमाण आणि शेंबडाचे वजन यांचा काहीही संबंध आढळला नाही. मग दूध प्यायल्यावर घशात काहीतरी दाटल्यासारखे वाटते ते का? दुधातले स्निग्ध कण आणि लाळ मिळून घशावर एक पातळसा थर काही वेळ राहतो. तो कफासारखा वाटतो, पण कफ नसतो. सोयाबीनचे दूध वेष पालटून दिले तेव्हाही लोकांनी तशाच तक्रारी केल्या होत्या. दुधानंतर दोन घोट कोमट पाणी दिले की पुष्कळदा भागते.

केळे आणि दही यांच्याविरुद्धही पुरावा नाही. मध्यम आकाराच्या केळ्यात शंभराच्या आसपास उष्मांक असतात, ते चावावे लागत नाही आणि दुखऱ्या घशातून सहज उतरते. याहून सोयीचे आजारातले अन्न शोधायचे तर कष्ट पडतील. तरीही आमचे मत असे की, यावरून घरातल्या आजीशी वाद घालू नये. आजीने आठ पोरे वाढवलेली असतात. तिला एवढेच विचारावे की केळे काढले तर त्याच्या जागी तेवढ्याच तोलाचे काय द्यायचे? शिऱ्याचे चार घास की तूप-गूळ लावलेली पोळी? बदली पदार्थ ताटात पडत असेल तर पथ्याने फारसे नुकसान होत नाही. नुकसान होते ते जागा रिकामी राहते तेव्हा.

‘लंघन हेच औषध’ असे म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगायला हवी. ज्यांना लंघन घडवू नये त्यांच्यात गर्भिणी, वृद्ध आणि दुर्बल यांच्याबरोबर बालकही सुश्रुतसंहितेत गणले आहे. परंपरेतला उपवास आपण लक्षात ठेवला आणि त्याला घातलेली मर्यादा विसरलो.

मंड, पेया आणि विलेपी

आता फळ्याच्या उजव्या बाजूकडे वळू. सहा महिन्यांखालील बाळाचा प्रश्न सोपा आहे. त्याला सर्दीतही आईचेच दूध द्यायचे. पाणी, गुटी, साखरपाणी, काही नाही. अडचण असते ती नाकाची. बाळ दूध ओढत असताना नाकानेच श्वास घेते. नाक चोंदले की ते दोन घोट ओढते, सोडून रडते आणि आईला वाटते की दूध आटले. म्हणून आधी नाक, मग दूध. औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या साध्या मीठपाण्याचे एक-दोन थेंब प्रत्येक नाकपुडीत सोडावेत आणि मऊ सुती कापडाच्या वातीने शेंबूड टिपून घ्यावा. बाळाचे डोके थोडे उंच धरून थोडे थोडे, पण अधिक वेळा पाजावे. नाकात तेल सोडू नये. ते श्वासाबरोबर फुफ्फुसात उतरले तर तिथून सहजी बाहेर पडत नाही आणि एका वेगळ्याच प्रकारचा न्यूमोनिया होतो. बाळाला आडवे पाडून, हातपाय धरून बोंडल्याने दूध घालण्याचा धोकाही हाच आहे. दूध चुकीच्या वाटेने जाते.

सहा महिन्यांनंतर स्तनपान चालूच ठेवायचे, पण जोडीला वरचे अन्न येते आणि इथे मुख्य मुद्दा उभा राहतो तो दाटपणाचा. मुलाच्या पोटात एका वेळी किती मावते? दर किलो वजनामागे साधारण ३० मिलिलिटर. नऊ किलोच्या मुलाचे २७० मिलिलिटर होतात, म्हणजे आपल्या नेहमीच्या दीडशे मिलिलिटरच्या दोन वाट्याही नाहीत. आजारात त्याच्या निम्मे गेले तरी पुष्कळ झाले. या एवढ्याशा जागेत काय भरायचे, हा खरा प्रश्न आहे. डाळीच्या वरच्या पाण्याची एक वाटी घेऊ. तिच्यात पाच ग्रॅम डाळ उतरली असे उदारपणे धरले तरी सतरा-अठरा उष्मांक होतात. मुलाची दिवसाची ९०० उष्मांकांची गरज अशा पाण्याने भागवायची तर पन्नास वाट्या लागतील! याउलट वीस ग्रॅम तांदूळ आणि दहा ग्रॅम मुगाची डाळ यांची मऊ खिचडी साधारण एक वाटी होते. तिच्यात शंभराहून थोडे अधिक उष्मांक असतात आणि वर चमचाभर तूप घातले की आणखी ४५. म्हणजे वाटीमागे दीडशे. तुपाला यादीच्या डाव्या बाजूला घालणे किती महागात पडते, हे यावरून ध्यानात येईल. चमचाभर तुपाने खिचडीचा आकार वाढत नाही, पण तिचे मोल जवळजवळ दीडपट होते.

आयुर्वेदाने तांदळाच्या पेजेला दाटपणानुसार वेगवेगळी नावे दिली आहेत. नुसते वरचे पाणी म्हणजे मंड, शिते असलेली पातळ पेज म्हणजे पेया, घट्ट लापशीसारखी ती विलेपी आणि मग भात. रुग्णाला या पायऱ्यांनी वर चढवत न्यायचे, अशी ती कल्पना आहे. आपल्या घरांत मात्र मूल पुष्कळदा मंडाच्या पायरीवरच बसून राहते.

दाट अन्नाची एक अडचण आहे. घसा दुखणाऱ्या मुलाला घट्ट घास गिळवत नाही आणि पाणी घालून पातळ केले की उष्मांक पातळ होतात. यावर तोड आपल्याच घरात आहे : मोड आलेली नाचणी. धान्याला मोड येताना त्यात अमायलेज नावाचे विकर तयार होते. रोपाला वाढीसाठी साखर हवी असते, म्हणून हे विकर पिष्टमय पदार्थांच्या लांब साखळ्या तोडते. पेज घट्ट होते ती याच साखळ्यांनी पाणी धरून ठेवल्यामुळे. त्या तुटल्या की तीच पेज पाणी न घालता पातळ होते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात मोड आणलेल्या धान्याच्या पिठाचा असा उपयोग लहान मुलांच्या आहारासाठी करून दाखवला.

हा प्रयोग शाळेत जरूर करावा. नाचणी रात्रभर भिजवून, ओल्या फडक्यात बांधून एक-दोन दिवसांत मोड आणावेत. उन्हात खडखडीत वाळवून, मोड चोळून काढून ती दळावी. भाजू मात्र नये. भाजण्याने विकर नष्ट होते. मग तांदळाच्या पिठाची, चमचा उभा राहील इतकी घट्ट पेज शिजवून दोन भांड्यांत सारखी वाटावी. भांड्याला बोट क्षणभरच टेकवता येईल इतकी ती निवली की एका भांड्यात चमचाभर मोडाच्या नाचणीचे पीठ आणि दुसऱ्यात चमचाभर साध्या नाचणीचे पीठ घालून ढवळावे. उकळत्या पेजेत घातले तर विकर मरते आणि प्रयोग फसतो. आमचा पहिल्यांदा असाच फसला होता. दहा मिनिटांत पहिल्या भांड्यातली पेज चमच्यावरून ओघळू लागते, दुसऱ्यातली तशीच राहते. दोन्हींतले उष्मांक मात्र सारखेच. मुलाला द्यायची असेल तर पातळ झालेल्या पेजेला पुन्हा एक उकळी आणावी, म्हणजे पिठातले जंतू मरतात. मग त्यात गूळ, दूध किंवा तूप घालावे. नाचणीचे सत्त्व करणाऱ्या घरांत मोडाची बहुतेक खटपट होतच असते. फक्त त्याचा हा गुण तिथे कोणी सांगितलेला नसतो.

मोठ्या मुलांना घरात शिजते तेच मऊ करून, थोडे थोडे आणि दिवसातून पाच-सहा वेळा द्यावे. मऊ भात, वरण, दुधात कुस्करलेली पोळी, अंडे, उकडलेला बटाटा, रताळे. तिखट कमी करावे. चार-पाच वर्षांखालील मुलाला अख्खे शेंगदाणे आणि फुटाणे देऊ नयेत. खोकल्याच्या उबळीत दाणा श्वासनलिकेत जातो. जेवणाआधी कपभर चहा देऊ नये. त्याने पोट भरते, पोषण होत नाही आणि त्यातले टॅनिन अन्नातले लोह शोषू देत नाही.

गरम कढण, सार, गवती चहा यांचा काही उपयोग आहे का? आहे, पण तो वेगळ्या कारणाने. १९७८ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडातील मायामी बीच येथे पंधरा निरोगी माणसांच्या नाकातला चिकट द्राव किती वेगाने सरकतो, हे मोजले गेले. गरम पाणी प्यायल्यावर हा वेग मिनिटाला ६.२ मिलिमीटरवरून ८.४ वर गेला, कोंबडीच्या गरम सुपाने ६.९ वरून ९.२ वर आणि थंड पाण्याने तो ७.३ वरून ४.५ वर उतरला. थंड पाण्याचा अपवाद सोडला तर अर्ध्या तासात सगळे पूर्ववत. म्हणजे गरम पेयाने नाक घटकाभर मोकळे होते. हा घटकाभराचा अवधी वाया घालवू नये. आधी चार घोट गरम सार द्यावे, मग लगेच जेवण. सार हे जेवण नव्हे, जेवणाकडे जाण्याची वाट आहे, असे आम्ही पालकांना सांगतो.

मधाचे नाव घेतल्याशिवाय सर्दीची चर्चा संपत नाही. इस्राएलमध्ये एक ते पाच वर्षे वयाच्या तीनशे मुलांवर झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, झोपण्यापूर्वी दहा ग्रॅम मध घेतलेल्या मुलांचा रात्रीचा खोकला खजुराचा पाक घेतलेल्या मुलांपेक्षा अधिक कमी झाला. पण एक वर्षाखालील बाळाला मधाचे बोटही लावू नये. मधात क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते रुजत नाहीत. तान्ह्या बाळाच्या आतड्यात रुजतात आणि स्नायू लुळे पाडणारे विष तयार करतात. बारशाआधीच मध चाटवणाऱ्या आणि बाळगुटी मधात उगाळणाऱ्या आपल्या समाजात हे मोठ्याने सांगण्याची गरज आहे. ब्रँडीचे थेंब चाटवण्याचा प्रकारही अजून कुठे कुठे चालतो. उपाशी मुलाच्या रक्तातली साखर मद्याने धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. खोकल्याच्या बाटल्यांविषयीही इथेच सांगून टाकू. २०२५ साली मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या अशा औषधाने मुले दगावली. त्या ऑक्टोबरमध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने राज्यांना कळवले की, दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची अशी औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही ती सहसा देण्याजोगी नाहीत.

‘क’ जीवनसत्त्वाने सर्दी बरी होते, असे १९७० मध्ये लायनस पॉलिंग यांनी पुस्तक लिहून सांगितले आणि तेव्हापासून त्यावर डझनावारी चाचण्या झाल्या. त्यांचे सार असे : सर्दी झाल्यावर गोळ्या सुरू करून खात्रीचा फायदा दिसत नाही, पण रोज नियमाने ‘क’ जीवनसत्त्व घेणाऱ्या मुलांची सर्दी सुमारे १४ टक्के लवकर संपते, म्हणजे आठवड्यातला एक दिवस वाचतो. या चाचण्यांत रोज निदान दोनशे मिलिग्रॅम दिलेले होते. तेवढे एका मध्यम पेरूत असते.

सर्दी उतरली की मुलाची भूक उसळते. हे एक-दोन आठवडे फार मोलाचे. रोज एक जादा जेवण, निदान एखादा लाडू किंवा दूध-पोळी, या दिवसांत दिली तर अडकलेली वाढ मोकळी होते. शिक्षकांच्या हातात इथे एक साधन आहे. शालेय पोषण आहारात प्राथमिकच्या मुलासाठी ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने ठरवलेली आहेत. आठ दिवसांनी शाळेत परतलेले मूल पंगतीला बसले की त्याच्या ताटात दुसऱ्यांदा खिचडी पडते आहे ना, एवढे पाहावे. हजेरीपटावरची गैरहजेरीची खूण त्या दृष्टीनेही वाचता येते.

आणि शेवटी, कुठे आहाराची चर्चा थांबवून दवाखाना गाठायचा. मूल काहीच पीत नसेल, घेतलेले सगळे ओकत असेल, झटके आले असतील, हाका मारूनही नीट जागे होत नसेल किंवा श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, तर एक घटकाही दवडू नये. याशिवाय श्वास मोजावेत. दोन महिन्यांखालील बाळाचे मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांत ४० किंवा अधिक श्वास पडत असतील तर ती साधी सर्दी नव्हे, न्यूमोनिया असू शकतो. मूल शांत असताना, पोट किंवा छाती उघडी करून, पूर्ण एक मिनिट मोजायचे. रडताना किंवा दूध पिताना मोजलेला आकडा धरायचा नाही. हे काम डॉक्टरांनाच जमते असे नाही. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या सुईणींना आणि आरोग्यसेवकांना ते शिकवले. त्यातून न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू कसे घटले, याचा वृत्तान्त १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. ज्यांना मोठे आकडे मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी त्यांनी एक साधी पाटी केली होती : एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि शेजारी मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, आणि वाळू संपण्याआधी लाल मण्यापर्यंत पोचलो तर मूल धोक्यात आहे असे समजायचे.